नंबर नाही, असं मी सांगितलं

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेपासून जाड भिंगांचा चष्मा होता. तो काढला की समोरच्या माणसाचा चेहराही तिला नीट दिसत नसे. लेन्स लावून पाहिल्या, पण तिच्या डोळ्यांना त्या सोसल्या नाहीत. चष्म्यावरून दोन स्थळं परत फिरली, तेव्हा वडिलांनी सगळी बोलणी माझ्यावर सोपवली. मी शिक्षिका, लग्न होऊन भिवंडीतच राहणारी. मला हे जमेल असं घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

तिसरं स्थळ जवळच्याच दापोडे गावचं. शेताच्या जागेवर गोदामं बांधलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. ते बघायला आले तेव्हा मी तिचा चष्मा माझ्या पर्समध्ये ठेवला. पसंती झाली. पुढे दोन्ही घरं मिळून वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेलो, तेव्हाही चष्मा पर्समध्येच होता.

जत्रेचे दिवस होते. एका तंबूत नवाच खेळ आला होता. हेल्मेटसारखं जड यंत्र डोक्यात घालायचं. आत डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, आणि मान वळवाल तिकडचं दृश्य दिसणार. बाहेरच्यांसाठी तेच दृश्य शेजारच्या टीव्हीवर. होणाऱ्या जावयाने हौसेने माझ्या बहिणीलाच पुढे केलं.

खेळवाल्याने सवयीने विचारलं, "मॅडम, नंबर का चष्मा है क्या? है तो पहन लो, नहीं तो अंदर सब धुंधला दिखेगा."

तिने माझ्याकडे तोंड वळवलं. पर्स माझ्या खांद्यालाच होती.

"नंबर नहीं है," मी म्हणाले.

टीव्हीवर समुद्राच्या तळाशी रंगीत मासे फिरत होते. होणाऱ्या जावयाने तिला विचारलं, काय दिसतंय? ती दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती. "डोंगर," ती म्हणाली. "हिरवे डोंगर." सोबत आलेली त्याची आत्या हसली. तिला थट्टेची सवय आहे, असं काहीतरी मी घाईने बोलले. तो मात्र हसला नाही. यंत्र काढल्यावर त्याने तिला हाताला धरून फळीवरून खाली उतरवलं. निभावलं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

लग्न झालं. पाठवणीच्या आधी मी तिला बजावलं, की वर्षभर चष्मा बॅगेतून काढू नकोस. एकदा घरात रुळलीस की कोणी काही म्हणणार नाही. तिने मान डोलावली. नंतर फोनवर ती नेहमी सगळं ठीक आहे म्हणायची. डोळ्यांबद्दल मी विचारत नसे.

लग्नानंतर पाचव्या महिन्यात भरलेली कळशी घेऊन उतरताना तिची शेवटची पायरी चुकली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात तिच्या सासूबाईंना मी सगळं सांगून टाकलं.

"आदीच सांगाचा ना बाय," सासूबाई म्हणाल्या. "चष्म्याला कोन न्हाय बोललं असतं?"

बाहेर व्हरांड्यात जावई उभे होते. त्यांनाही सांगायला गेले, तर ते म्हणाले, "ताई, मला जत्रेतच कळलं होतं. ती आपणहून सांगेल म्हणून मी थांबलो. चुकलं माझं."

'चुकलं माझं' हे वाक्य खरं तर मी म्हणायचं होतं. मी ते बोलू शकले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बॅगेच्या तळातून चष्मा काढून आणला आणि पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला.

हाड जुळलं, पण थोडं वाकडं. अजूनही भाकरी थापताना तिचं मनगट दुखतं. तिचा संसार चांगला चालला आहे, दोन मुलं आहेत, सासूबाई तिच्यावर जीव टाकतात. मला तिने कधी दोष दिला नाही. काही वर्षांनी मीच एकदा विषय काढला. ती भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "तू वर्ष सांगितलं होतंस ना ताई. मी कॅलेंडरवर खुणा करायचे. अगदी डोळ्यांजवळ धरून."

आवाजात राग नव्हता. मी समोरची जुडी ओढली आणि तिच्याबरोबर निवडत बसले.