पेर्साच्या दारावरची बेल

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला ड्रिल लागलं, शिडी लागली, पाहुण्यांसाठी जादा खुर्च्या लागल्या, तर तो तळघरात जातो, कुलपावरचे चार आकडे दाबतो आणि हवं ते घेऊन येतो. अख्ख्या स्कोप्ये शहरात अशी सोय दुसरीकडे नाही म्हणतात. बाहेरची माणसं बघायला येतात, फोटो काढतात. हे सगळं जिने उभं केलं तिचं नाव मात्र त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते. माझ्या तोंडात तसाही तीळ भिजत नाही.

पेर्सा माझ्या समोरच्या दारात राहते. तिची मुलगी स्नेझाना मेलबर्नला. नवरा स्पिरो, त्याला अवजारांचं वेड. तो गेला आणि घरात अवजारं आणि पेर्सा एवढंच उरलं. मुलगी फोनवर म्हणाली, "विकून टाक ना, आई." पेर्सा म्हणाली, "विकली की माणूस एकदा येतो. वापरायला दिली की दोनदा येतो. न्यायला एकदा, परत करायला एकदा."

आणि मग तिने कंबर कसली. एकेक घर पालथं घातलं. "तुझ्याकडे दोन इस्त्र्या कशाला गं? तुमचा तंबू वर्षभर पलंगाखाली झोपा काढतो, आणा तो इकडे." वरच्या मजल्यावरचा म्हातारा तोमे बायकोचं शिलाई मशीन देईना, तर त्याच्या दारात खुर्ची टाकून बसली. शेवटी त्यानेच ते उचलून खाली आणलं. तळघरातली खोली झाडली, फळ्या ठोकून घेतल्या आणि किल्ली ठेवली स्वतःच्या घरी. काही हवं असेल तर पेर्साची बेल वाजवायची. पण किल्ली काय लगेच मिळते? आधी बसायचं, कॉफी घ्यायची, घरात कुणाचं काय दुखतंय ते सांगायचं. लोक कुरकुरायचे, पण बसायचे. वस्तू परत करताना कुणी रिकाम्या हाताने येत नसे. तिच्या टेबलावर कुणाची ना कुणाची बशी असायचीच.

मग दुसऱ्या मजल्यावर दाम्यान राहायला आला, बायको आणि तान्ह्या बाळासकट. माणूस गुणी, उगाच नावं कशाला ठेवू. तो म्हणाला, "पेर्सामावशी, तुम्हाला किती ताप देतो आम्ही. सारखी बेल, सारखी बेल." स्वतःच्या पैशाने त्याने आकड्यांचं कुलूप आणून बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेर्सानेही वाजवल्या. सगळे थांबल्यावरही ती वाजवतच होती, मीच तिचा हात धरला.

त्यानंतर तिच्याकडे कुणी आलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं काम उरलं नाही. जिन्यात भेटले की सगळे "कशा आहात मावशी?" विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत अर्धा मजला उतरलेले असायचे. एकदा तिने मला हाक मारली. "वेलिका, जरा बाहेरून बेल दाबून बघ गं. बिघडलीय वाटतं."

मी दाबली. चांगली खणखणीत वाजली.

"चालू आहे," मी म्हणाले.

"हं," म्हणाली आणि आत गेली. मागोमाग जाऊन मी म्हटलं, "अगं, मी येते की रोज."

"तू काय, मी मेले तरी येशील. सगळ्यात आधी, कपाटं उघडून बघायला."

सप्टेंबर आला. लाल मिरच्या भाजून हिवाळ्यासाठी आयवार नावाची चटणी करायचे दिवस. अंगणात पत्र्याच्या चुली पेटल्या, धूर आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येऊ लागला. मी पेर्साकडे गेले तर टेबलावर बशांसकट कप मांडलेले, गॅसवर पाणी, आणि कपांच्या मधोमध एक लोखंडी हँडल.

"हे काय?"

"मिरच्या दळायच्या यंत्राचं."

"चोरलंस?"

"स्पिरोचं यंत्र आहे, मी कशाला चोरू? काल काढून आणलं. आता हँडल नाही म्हटल्यावर कुणाला विचारतील? मलाच ना. येतील." तिने नवा ब्लाउज घातला होता.

आम्ही बाल्कनीत उभ्या राहिलो. खाली मिरच्या सोलून झाल्या. यंत्र आणलं, टेबलाला आवळलं. मग डोकी जवळ आली. कुणी टेबलाखाली वाकून बघितलं, कुणी तळघरात जाऊन आलं. पेर्साने केसांवरून हात फिरवला आणि पाण्यात कॉफी घातली.

"मी ओरडून सांगते त्यांना," मी म्हणाले.

"खबरदार. सांगून आणलेल्या माणसाला आला म्हणत नाहीत."

वर कुणी पाहिलं नाही. दाम्यान फोनवर काहीतरी बघत होता. मग हात झटकून गाडीत बसला आणि गेला.

"तो कुठे चालला?" पेर्साने विचारलं.

मला कळलं होतं, पण "येईल इतक्यात," एवढंच मी म्हणाले. थोड्याच वेळात तो खोकं घेऊन परतला. कोरं करकरीत यंत्र. खाली टाळ्या पडल्या. पेर्साने आत जाऊन गॅस बंद केला आणि एकेक कप कपाटात ठेवायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, खराब झालेत कुठे?"

मग तिने हँडल माझ्या हातात दिलं. "खाली ठेवून ये. दोन यंत्रं होतील, बरंच आहे की."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर सांग, पेर्साकडे होतं. मग त्यांना यायचं तर येऊ देत."

मी खाली गेले. दाम्यान बाह्या वर सारून दळत होता. मी हँडल जुन्या यंत्रापाशी ठेवलं, मुद्दाम जरा आवाज करून. त्याने मान वळवली, हसला. "अरे वा, सापडलं वाटतं," म्हणाला आणि पुन्हा दळायला लागला. मी तिथेच उभी राहिले. कुठे होतं, हे कुणीतरी विचारेल म्हणून शेवटची बरणी भरेपर्यंत उभी राहिले.