दोन आठवड्यांचा खोकला

आमच्या घाटकोपरच्या हॉस्पिटलात स्टाफच्या ग्रुपवर रोज आरोग्याची सूचना टाकणारा विद्वान कारकून मीच. सगळे न वाचताच हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि मी खूश होतो. ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या,’ हे मी टाइप करत असताना बायको स्वयंपाकघरात खोकत होती. मी ओरडलो, “जरा हळू खोक ना गं, सूचना लिहितोय!”

दोन महिन्यांनी तिचा एक्स-रे निघाला. टीबीनं दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “हॉस्पिटलात काम करता ना? इतके दिवस काय केलंत?”

बायकोच म्हणाली, “ह्यांना नका बोलू हो, मीच अंगावर काढलं.” एवढं बोलतानाही तिला धाप लागली. ती बरी होईल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.