वीस लिटर जिवाणू घेऊन फ्रीसलंडला

विद्यापीठाचा मेल आला: साथीमुळे प्रयोगशाळा उद्यापासून बंद, चालू प्रयोग थांबवा.

माझा प्रयोग म्हणजे वीस लिटर काळा, बुडबुडणारा गाळ. ऑलिव्हचं तेल काढल्यावर गिरणीत जे काळं पाणी उरतं, ते इतकं जहाल असतं की गाळातले साधे जिवाणूही त्यात टिकत नाहीत. माझ्या जिवाणूंना मी तीन वर्षं थोडं थोडं पाजून त्याची सवय लावली होती. आता ते हेच पाणी पचवून जळणारा गॅस देत होते. माझी पीएचडी त्यांच्यावर उभी होती, आणि त्यांना पस्तीस अंशांची ऊब लागायची.

नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, फ्रीसलंडमध्ये येल्ले नावाचा एक म्हातारा गायीवाला माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडे शेणाचा गॅस प्लांट. फोन केला. "घेऊन ये," एवढंच म्हणाला.

नवऱ्याच्या दिवसभर मीटिंगा. मग सासरे उठले. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आइंडहोवनला आलेले बाबा विमानं बंद झाल्यामुळे अडकले होते. नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात त्यांची उभी हयात गेलेली.

"मृणाल, मी येतो. गाळातलं मला कळतं."

भाड्याची गाडी, मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला गाळाचा कॅन, त्याला सीटबेल्ट. गॅस साठू नये म्हणून झाकण सैल. त्यामुळे आत सडक्या अंड्यांचा वास, म्हणून काचा उघड्या, म्हणून बाहेरची थंडी आत, म्हणून हीटर फुल. बाबा कॅनशेजारी थर्मामीटर धरून बसले.

"चौतीस," ते दर दहा मिनिटांनी पुकारत. "मृणाल, तेहतीस!"

तुम्ही जाणार असाल तर सांगते: उट्रेख्टपर्यंत A2 महामार्ग, मग A27 आणि A6. तीन तास धरा. त्या दिवसांत रस्ता रिकामा होता, पण पंपांवरची स्वच्छतागृहं बंद. डबा घरूनच न्यावा. आम्ही मेथीचे ठेपले नेले होते, ते त्या वासात कुणालाच गेले नाहीत.

आल्मेरेच्या पुढे पोलिसाने थांबवलं. दोन हात लांबून त्याने विचारलं, "कुठे? अत्यावश्यक काम आहे का?"

मी खरं सांगितलं. "जिवाणू पोहोचवायला."

तो एक पाऊल मागे सरकला. साथीच्या दिवसांत हा शब्द वापरायला नको होता.

मागून बाबांनी मदत केली. "सर, नो व्हायरस! ओन्ली बॅक्टेरिया! ऑल व्हेरी हेल्दी!"

तो आणखी दोन पावलं मागे गेला. मी विद्यापीठाचं पत्र काचेला लावलं. तेवढ्यात वारा फिरला आणि वास त्याच्यापर्यंत पोहोचला. पत्र न वाचताच त्याने हात हलवला: जा, जा.

या थांब्यात काटा अठ्ठावीसवर आला होता. बाबांनी अंगातला स्वेटर काढून कॅनला घातला. बाह्यांची गाठही मारली. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले.

गोठ्याच्या दारात येल्ले उभा होता. दीड मीटर अंतर राखायला त्याने जमिनीवर खराटा आडवा ठेवला होता. वासरांच्या दुधासाठी तापवलेल्या पाण्याचा टब तयार होता. कॅन त्यात उतरला. मग बाबा मराठीत विचारू लागले, येल्ले डचमध्ये उत्तरं देऊ लागला. पंप, पाईप, तुंबणं. अर्धा तास दोघांना माझी गरज पडली नाही.

परतताना गाडी भलतीच शांत वाटली. वास मात्र सीटमध्ये मुरला होता. कंपनीने धुलाईचे वेगळे पैसे लावले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पुढे आठ दिवस गॅसचा एक बुडबुडा नाही. येल्ले रोज लिहायचा, "काही नाही." मी प्रबंधाची फाईल उघडायचं सोडून दिलं. बाबा म्हणाले, "नवीन घर आहे. रुळू दे त्यांना."

नवव्या दिवशी व्हिडिओ आला. कॅनची नळी बुडवलेल्या पाण्याच्या बाटलीत एक बुडबुडा, मग दुसरा, मग रांगच लागली. मी स्वयंपाकघरात खाली बसले. त्या प्रवासातून माझ्याजवळ उरलं ते हे: माझी तीन वर्षं वाचवायला धावलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मला एकदाही "कशाला?" असं विचारलं नव्हतं.

बाबांनी तो धूसर व्हिडिओ निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सूनबाईंची तीन वर्षांची मेहनत. सगळं सुखरूप. भूक चांगली आहे."

लगेच कुणीतरी विचारलं, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

बाबांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि टाईप केलं, "असंख्य."