पंधरा पाकळ्या

बावीस वर्षं झाली, व्हर्लिन स्टॉफर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. ओहायोतल्या आमच्या जिल्ह्याच्या जत्रेचं मैदान आहे ना, तिथल्या ज्या शेडमध्ये ऑगस्टात गाई-डुकरांना बक्षिसं वाटतात, तिथेच वर्षातून दोनदा जुन्या लष्करी बंदुकांचा बाजार भरतो. मी चामड्याचे पट्टे आणि संगिनींची म्यानं विकते. व्हर्लिन काहीच विकत नाही. लोक बंदूक आणतात, तिची गोष्ट सांगतात, आणि तो भिंग लावून बंदूक कुठली आणि गोष्ट किती खरी ते सांगतो. त्या बदल्यात तो 'पाय'चा, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, एक तुकडा खातो, तोही माझ्या डब्यातला.

माणूस नाकासमोर चालणारा. चाळीस वर्षं कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली, त्यामुळे बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. एकदा एका बिचाऱ्याने आपली मोटरसायकल विकून फिनलंडच्या सैन्याची दुर्मीळ रायफल आणली. व्हर्लिनने तिच्या नळीखाली बोट फिरवलं. "इथे आयात करणाऱ्याचा शिक्का होता. कुणीतरी घासून काढलाय. अशा गोदामभर आल्या होत्या."

तो माणूस खुर्ची नसताना खाली बसला. मला रागच आला. "जरा गोडीनं सांगावं माणसानं," मी म्हटलं.

"गोडीनं सांगितलं तर शिक्का परत येतो का? बंदूक घ्यावी, गोष्ट घेऊ नये."

फेब्रुवारीत त्याची बायको आर्लीन गेली. तेव्हापासून 'बंदूक घ्यावी, गोष्ट घेऊ नये' हेही तो म्हणेनासा झाला. दफनाच्या दिवशी मी त्याचा हात धरला तर त्याने "पार्किंग मिळालं का?" एवढंच विचारलं. एप्रिलच्या बाजारात मी मुद्दाम रूबार्बच्या आंबट देठांचा पाय नेला, कारण तो त्याला मुळीच आवडत नाही; निदान कुरकुर तरी करेल. त्याने सगळा खाल्ला. "कसला होता?" म्हटलं, तर म्हणाला, "चांगला होता."

त्याच बाजारात त्याचा धाकटा भाऊ गेलन आला. इंडियानात राहतो, मोठ्याने हसतो, सगळ्यांना मिठ्या मारतो. हातात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली त्यांच्या वडिलांची जपानी रायफल होती. वडील, ओरिन स्टॉफर, ती सेहेचाळीस साली जपानहून घेऊन आले. ते गेल्यापासून ती गेलनकडेच होती.

"शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात लागणार बघ, व्हर्ल! खाली पाटी, 'ओरिन स्टॉफर यांनी लढाईत मिळवलेली.' माझी नातवंडं येणार आहेत. हॉलवाल्यांना फक्त तुझी सही हवी. तू बरोबर म्हणालास की या जिल्ह्यात कुणी तोंड उघडत नाही."

आता या धंद्यातली एक गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जपानी रायफलीवर, नळीच्या मागच्या लोखंडावर, सम्राटाचं शेवंतीचं फूल असतं. शरणागतीनंतर ज्या अमेरिकन सैनिकांना ढिगाने वाटल्या, त्यांच्यावरचं फूल आधी घासून टाकलेलं असतं. फूल शाबूत म्हणजे बहुधा रणांगणावरून उचललेली. या रायफलीवर फूल होतं, चांगलं ठसठशीत.

व्हर्लिनला दोन मिनिटं पुरतात. त्या दिवशी भिंग खाली येईना.

"फूल नंतर कोरलंय," शेवटी तो म्हणाला. "भोवतीचं लोखंड खोल गेलंय. आणि पाकळ्या पंधरा आहेत. सोळा हव्यात."

गेलन हसला. "अरे, लढाई चालू होती! सम्राटाचा कारागीर घाईत मोजायला चुकला असेल."

"कारागीर नाही चुकला. मी चुकलो."

हवामान सांगावं त्या आवाजात त्याने पुढचं सांगितलं. साठ साल. तो एकोणीस वर्षांचा, कारखान्यात उमेदवारी करत होता. वडील ज्याला त्याला खरं तेच सांगायचे: लढाई संपल्यावर बंदरावरच्या ढिगातून प्रत्येकाला एकेक दिली. मित्रांच्या वडिलांच्या बंदुकांना गोष्टी होत्या, याच्या घरी ढीग. लाज वाटली. वडील मासे धरायला गेले असताना याने बंदूक कारखान्यात नेली आणि पुस्तकातलं चित्र बघून फूल कोरलं. आठवड्याने शेजारी जेवायला आले, त्यांनी ते पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "ओरिन, लबाडा! ढिगातली म्हणे!"

"आणि बाबा?" गेलनने विचारलं.

"माझ्याकडे बघितलं. मग बटाटे पुढे सरकवले."

त्या दिवसापासून ओरिनने त्या बंदुकीबद्दल तोंडात मिठाची गुळणी धरली. गोष्ट गावाने सांगितली. मे महिन्यातल्या सैनिकांच्या मिरवणुकीला ते पुन्हा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणायचे आणि ओसरीवर शेंगा सोलत बसायचे. गेलनला तो विनय वाटे.

गेलन खाली वाकला. "व्हर्ल, ऐक. बाबा गेले, शेजारी गेले. कोण मोजणार आहे? सही कर. बाबांचं नाव एकदा तरी भिंतीवर लागू दे रे."

व्हर्लिनने कागद घेतला. त्यावर लिहिलं: 'बंदूक अस्सल. युद्धानंतर ढिगातून मिळालेली, असं ओरिन स्टॉफर यांनी स्वतः सांगितलं होतं. फूल बनावट. कोरणारा, त्यांचा मुलगा व्हर्लिन.' आणि सही केली.

गेलनने वाचलं. "हे मी तिकडे नेऊ?" त्याने कागद टेबलावर ठेवला. "त्यांनी तुला कधीच काही म्हटलं नाही?"

"म्हटलं ना. पाहुणे गेल्यावर फुलावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'पंधरा.' मला वाटलं, कसला तरी नंबर असेल. ते गेल्यावर तीन वर्षांनी याच शेडमध्ये खरं फूल असलेली बघितली. उभ्या उभ्या पाकळ्या मोजल्या. तेव्हापासून मोजतोय."

गेलन गेला. कागद टेबलावर, बंदूक टेबलावर. मिठी त्याने कुणालाच मारली नाही. शनिवारी कपाटात दुसऱ्या कुणा सैनिकाची पाण्याची बाटली लागली, असं मागाहून ऐकलं.

मी पायचा तुकडा कापून व्हर्लिनपुढे ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला. एवढ्यात टोपी घातलेला एक तरुण थबकला आणि त्याने शीळ घातली. "आईशप्पथ, फूल शाबूत! लढाईतली का हो, आजोबा?"

"मोज," व्हर्लिन म्हणाला आणि भिंग पुढे केलं.

त्या मुलाने ओठ हलवत मोजल्या, मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. "पंधरा?"

"हो," व्हर्लिन म्हणाला. "माझ्या वडिलांनीही तेवढ्याच मोजल्या होत्या."