एका वाक्याचं भाषांतर

मी लोअर सिक्समध्ये होते त्या वर्षी आमच्या कॉलेजात एक पत्र आलं. मॉरिशसमध्ये कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर भारतातला वाचक मला उगीच मोठी समजेल. मी सतरा वर्षांची होते, निळा युनिफॉर्म घालत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

पत्रात लिहिलं होतं की सें पिएरला दर शनिवारी मोठ्या माणसांसाठी मराठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो, त्यात आता कॉलेजातल्या निवडक मुलांनाही बसता येईल. अभ्यास एकदाच करायचा आणि गुण दोन्हीकडे धरले जाणार, कॉलेजच्या निकालात आणि पुढे शिक्षकाच्या प्रशिक्षणाला गेलं तर तिथेही. सोबत अटींचा एक सायक्लोस्टाइल केलेला कागद होता. अट खरं तर एकच होती, पण ती पाच-सहा तऱ्हांनी लिहिली होती: कॉलेजातली पोरं म्हणून कसलीही सवलत मिळणार नाही. पेपर तोच, उत्तीर्ण व्हायची पायरी तीच, हजेरी तीच. आणि नक्कल करताना जो सापडेल त्याचं नाव कमी, मग तो सतरा वर्षांचा असो नाहीतर सत्तर.

माझे वडील व्हाकोआला सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी त्या कागदावर झोकदार सही केली आणि आठवडाभर गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगितलं. घरी आम्ही बेटावरची क्रिओल बोली बोलायचो. पाहुणे आले की फ्रेंच. मराठी फक्त देवळात, आरतीपुरतं, आणि माझ्यासाठी परीक्षेपुरतं. मराठीत मला गुण चांगले पडायचे आणि मराठी मला येत नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

वर्गात सगळी मोठी माणसं. एक पोस्टमन, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, आणि बाकीचे बहुतेक बैठकांमध्ये शिकवणारे. बैठक म्हणजे गावातली पत्र्याची खोली, तिथे संध्याकाळी मुलांना भाषा आणि भजनं शिकवतात. कॉलेजातली मी एकटीच. माझ्या शेजारच्या बाकावर सूयाककडचे एक गृहस्थ बसायचे. दिवसा साखर कारखान्यात ऊस तोलायचं काम, संध्याकाळी गावच्या बैठकेत मराठीचे मास्तर. पहिल्या दिवशी मी त्यांना सवयीने तोंतों म्हटलं, तर ते म्हणाले, "क्रिओलमदे नको बाय. काका म्हण." मग मी काका म्हणू लागले.

काकांना प्राथमिक शाळेत मराठीचे सरकारी शिक्षक व्हायचं होतं. त्यासाठी हे प्रमाणपत्र लागायचं, आणि वयाची मर्यादा होती. त्या वर्षी पास झाले तरच अर्ज करता येणार होता. पुढच्या वर्षी पास होऊन काही उपयोग नव्हता. हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून लिहून ठेवते.

ते अस्खलित बोलायचे, पण त्यांचं लिहिणं म्हणजे आनंद होता. ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही, श आणि स एकाच माळेत. जेवणाच्या सुट्टीत ते घरून आणलेल्या डालपुऱ्यांपैकी दोन माझ्यापुढे ठेवायचे आणि वही सरकवायचे. "तू सिक्सची पोर. जरा स्पेलिंग बग माजं." मी शिसपेन्सिलीने खुणा करायची. डालपुरी त्यांची खायची आणि मनातल्या मनात त्यांना नापास करायची. असा माझा स्वभाव होता. कोणी काही म्हणत नसे, उलट कौतुक करायचे.

वर्षअखेरीच्या गुणांमध्ये एका निबंधाचा मोठा वाटा होता. विषय होता 'लहानपणीचा एक दिवस'. त्याच आठवड्यात कॉलेजात माझा फ्रेंचचा पेपर होता आणि मी मराठी नेहमीप्रमाणे शेवटासाठी ठेवलं. काकांनी आपला निबंध आधीच लिहून वही माझ्याकडे तपासायला दिली होती. मी लिहायला बसले तर काही सुचेना. माझं लहानपण म्हणजे व्हाकोआचा रोजचा पाऊस आणि गृहपाठ. त्यात कसला दिवस सापडणार? मी त्यांची वही उघडली.

ऊसतोडीच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. आई पोरांच्या हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची, उसाचं पान कापू नये म्हणून. बाप पुढे चालायचा आणि मागे वळून न बघता पोरं मोजायचा, पावलांच्या आवाजावरून. मी त्यातले दोन परिच्छेद उचलले. 'बाप'चं 'वडील' केलं, 'पोरं'चं 'मुले' केलं, सगळं शुद्धलेखन नीट केलं. म्हणजे चोरी केली आणि वर तिला इस्त्रीही केली.

एक शब्द तेवढा तसाच राहिला. 'शाळा नसे तेव्हा आम्ही येरवाळी उसात जात असू.' येरवाळी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. शब्द भारदस्त वाटला. एखाद्या जुन्या पोथीतला असेल, गुण वाढतील, असं वाटून मी तो राहू दिला. काकांची वही मात्र एकही खूण न करता परत केली.

दोन शनिवारांनी सरांनी आम्हा दोघांना तास संपल्यावर त्यांच्या खोलीत बोलावलं. सर भारतातून आलेले, येऊन चार-पाच महिनेच झाले होते. सरळ मनुष्य. शिस्तीचे होते, पण खडूस नव्हते. टेबलावर दोन निबंध शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"हे दोन परिच्छेद सारखे आहेत," सर म्हणाले. "कोणी कोणाचं घेतलं हे मला विचारावंसुद्धा लागत नाही." त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "हे शुद्ध आहे." मग काकांच्या कागदावर ठेवलं. "यात ओळीला तीन चुका आहेत. बघून उतरवणाऱ्याच्याच अशा चुका होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हा येरवाळी कुठला? तुला एरवी म्हणायचं होतं ना?"

मी मान हलवली. "हो सर."

"बघा," ते काकांना म्हणाले. "हिची एक चूक झाली, तर तीसुद्धा तुम्ही जशीच्या तशी उतरवलीत."

आमच्या बेटावरचं कोणीही मराठी माणूस त्या खुर्चीत असता, तर त्याने एका क्षणात ओळखलं असतं की हा शब्द व्हाकोआच्या कारकुनाच्या मुलीचा असूच शकत नाही. पण सरांना ते कसं कळणार? त्यांना शुद्ध आणि अशुद्ध तेवढं कळत होतं, आणि शुद्ध कागद माझा होता.

काका उभेच होते. हातात टोपी. "सर, मी... माज्या घरची गोष्ट हाय ती," त्यांनी सुरुवात केली. पुढचा शब्द त्यांना सापडेना. सरांसमोर बोलायचं पुस्तकी मराठी त्यांच्याकडे नव्हतं, आणि घरचं मराठी त्या खोलीत आताच अशुद्ध ठरलं होतं. मग आमच्याकडची माणसं घाबरली की जे करतात तेच त्यांनी केलं. ते क्रिओलमध्ये गेले. "मो मेम मो फिन एक्रिर सा. दिमान ली की सा मो-ला वे दिर."

सरांना क्रिओल येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत हे?"

काका म्हणाले होते: हे मीच लिहिलंय. तिला विचारा, या शब्दाचा अर्थ काय.

मी ते जसंच्या तसं सांगितलं असतं, तर सरांचा पुढचा प्रश्न मलाच असता. अर्थ काय? आणि मला सांगता आला नसता. नाव माझं कमी झालं असतं. कॉलेजला पत्र गेलं असतं, वडिलांनी गल्लीभर सांगितलेलं सगळं त्यांच्याच अंगाशी आलं असतं. हे सगळं मी त्या दोन क्षणांत नीट विचार करून पाहिलं. घाबरून तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. ते खरं नाही. मला विचार करायला वेळ होता.

मी खाली बघत, भराभर म्हणाले, "ते म्हणतात, त्यांच्याकडून चूक झाली."

सरांनी एक सुस्कारा टाकला. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं असावं. मी वर बघितलंच नाही. मग ते टोपी घेऊन बाहेर गेले.

त्या आठवड्यात आमच्या आत्या राहायला आल्या होत्या. त्यांना दक्षिणेत, सूयाककडेच दिलेलं. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, येरवाळी म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "येरवाळी म्हंजे लवकर. पाटचं. तुमच्या कॉलेजात एवढंपण नाय शिकवत?" काकांच्या बाबतीत निर्णय व्हायला अजून दोन शनिवार होते. मी दोन्ही शनिवारी वर्गाला गेले. शेजारचा बाक रिकामा होता. सर व्याकरण शिकवत होते आणि मी नीटस अक्षरात उतरवून घेत होते. तोंड उघडायचं तर तेव्हा उघडायचं होतं. मी मूग गिळून बसले. काकांचं नाव कमी झालं. मी पहिल्या वर्गात पास झाले आणि ते गुण दोन्हीकडे धरले गेले.

त्याच गुणांवर मी पुढे प्रशिक्षणाला गेले आणि मराठीची शिक्षिका झाले. लाज वाटत नव्हती का? वाटायची. पण मी तिच्यासाठी एक उशी शिवून ठेवली होती. मी स्वतःला सांगायची की काका त्या वेळी गोंधळलेले होते, मी हळू आवाजात आणि पुस्तकी मराठीत बोलले होते, त्यांना ते ऐकू गेलंच नसणार. सरांनी विश्वास ठेवला नाही एवढंच त्यांना वाटलं असणार. म्हणजे त्यांच्या लेखी मी फक्त गप्प बसलेली एक भित्री पोर. भित्री पोर म्हणून जगणं मला जमत होतं.

ऐंशीच्या दशकात मीच त्या शनिवारच्या वर्गाला शिकवू लागले. तोवर कॉलेजातली पुष्कळ मुलं यायला लागली होती, आणि पहिल्या दिवशी त्यांना अटी समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. तोच कागद, आता छापलेला. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मिस, दोघांचं सारखं निघालं तर कोणी कोणाचं बघितलं हे तुम्ही कसं ओळखता?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सांगितलं की त्यासाठी पद्धत ठरलेली आहे. मुलीने ते वहीत लिहून घेतलं. ती लिहीत असताना मला इतकी शरम वाटली की मी तास दहा मिनिटं आधी सोडला.

पुढच्या रविवारी मी बसने सूयाकला गेले. घर विचारत विचारत सापडलं. काका अंगणात खुर्चीवर बसून ब्रेदच्या पालेभाजीच्या जुडीतली पानं खुडत होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बसा मिस," ते म्हणाले.

मला ते बाय म्हणायचे. तू म्हणायचे. मी बसले.

मी बैठकेची चौकशी केली. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून. ते सांगू लागले, तक्रारीचा सूर नव्हता. त्या वर्षी बातमी गावात आली. बैठक चालवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी त्यांना बोलावून सांगितलं की नक्कल करणाऱ्या मास्तराकडे पोरं कशी पाठवायची. दुसरा मास्तर एवढ्या लांब यायला तयार होईना, म्हणून वर्ग बंद पडला. "आता गणपतीला पोरं आरती रोमन अक्षरात लिवून आणतात," ते म्हणाले. "बगून म्हणतात. चाल बराबर येते."

मला सरकारी नोकरीचं माहीत होतं. बैठकेचं माहीत नव्हतं. नोकरी त्यांना मिळायची होती, बैठक तर त्यांची होतीच. ती कोणी काढून घेईल असं मला कधी सुचलंही नव्हतं.

मी बोलायला लागले. क्रिओलमध्ये, कारण कठीण बोलायचं असलं की माझी जीभ तिकडेच वळते. काका, त्या दिवशी सरांच्या खोलीत, तुम्हाला ठाऊक नसेल, पण सरांनी मला विचारलं तेव्हा मी...

त्यांनी हातातलं पान टोपलीत टाकलं.

"मराठीत बोला मिस," ते म्हणाले. "मला समजतं. त्या दिवशीपण समजलं होतं."

मग मी मराठीत सांगितलं. अडखळत, चुका करत, वही उघडल्यापासून दोन रिकाम्या शनिवारांपर्यंत सगळं. ते पानं खुडत ऐकत होते. मध्ये एकदाही ते 'असू दे' म्हणाले नाहीत. मी बोलायची थांबले तेव्हाही म्हणाले नाहीत.