‘आपलं घर’ लागत नाही

ऑपरेटरला किळस येत नाही अशी वस्तू आमच्या इमारतीत शोधावी लागेल. जिन्याचा कठडा तो रुमालाने धरतो, लिफ्टचे बटण कोपराने दाबतो, आणि समोर कुणी शिंकले तर त्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहतो. लोक याला खोड म्हणतात. खरे तर हा त्याच्या धंद्याने लावलेला गुण. उभी हयात त्याने चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात काढली. फिल्म ज्या चौकटीतून दिव्यासमोर सरकते तिथे केसाएवढी काडी अडकली, तरी पडद्यावर नायिकेच्या गालावर दोरखंड वळवळताना दिसतो. म्हणून प्रत्येक खेळाआधी चौकट ब्रशने झाडायची, मग फडक्याने पुसायची, मग त्या फडक्याचाही वास घेऊन बघायचा. चित्रपटगृह कधीच बंद पडले. फडके आणि ‘ऑपरेटर’ हे नाव मात्र त्याच्याकडे राहिले.

घरात तो, मुलगा आणि सून. हॉलमध्ये चपलांच्या कपाटावरच्या फळीवर एक पडदा नसलेला जुना संगणक अहोरात्र घुमत असतो. त्याला ऑपरेटर ‘पेटी’ म्हणतो. नोकरीच्या काळात हातकॅमेऱ्याने टिपलेले घरातले सगळे चित्रण त्याने निवृत्तीनंतर खपून त्या पेटीत उतरवले. घरातल्या टीव्हीवर ते पाहता येते, आणि इंटरनेटवरून बाहेरगावीही. पेटी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा तिने नाव विचारले. ऑपरेटरने फार विचार न करता ‘आपलं घर’ असे टाईप केले.

बाहेरून पाहणारे माणूस एकच होते. त्याची मोठी बहीण, ताई. ती दूरच्या शहरात लेकीकडे राहते. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला, त्यानंतर खिडकीजवळची खाट हेच तिचे जग. लेक सकाळी कामाला जाते ती दिवेलागणीला येते. मधली लांबलचक दुपार ताई ‘आपलं घर’ उघडून काढायची. आई केस विंचरतेय, वडील सायकलची चेन बसवतायत, कुणाचे तरी मूल मातीत बसून रडतेय. आणि मग फोन.

“अरे, आईच्या मागे दारात उभी आहे ती कोण?”

“तूच आहेस ती.”

“हट्. मी एवढी काळी होते होय?”

“उन्हातला शॉट आहे, ताई. काळी तू आताही आहेस.”

असे चालायचे. मग एका दुपारी फोन आला तो वेगळाच. “अरे, लागत नाही.”

ऑपरेटरने जे सगळे करतात ते केले. पेटी बंद करून चालू केली. राउटर बंद करून चालू केला. ताईला टॅबलेट बंद करून चालू करायला लावला. दुसऱ्या दिवशी तेच. त्याने आईच्या चित्रणाचा एक तुकडा कापून फोनवर पाठवला, तर ताई म्हणाली, “वाढून दिलेलं नको रे मला. माझं मला कपाट उघडून बघता येत होतं, तेच बरं होतं.” त्यानंतर तुकडे पाठवायची सोय राहिली नाही. ताईला कपाट उघडून द्यायचे होते. दुसरे काही चालणार नव्हते.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. ऑपरेटरला कमी ऐकू येते, त्यामुळे त्याचे सगळे संभाषण स्पीकरवर चालते. शेजारी म्हणून मी तिथे बसलो होतो.

“सर, आपल्या कनेक्शनमध्ये कोणतीही समस्या दिसत नाहीये,” पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली.

“तुम्हाला नसेल दिसत. माझ्या बहिणीला दिसतेय.”

“त्या आपल्या घरातच राहतात का, सर?”

“नाही.”

“मग ते आमच्याकडे येत नाही, सर. आणखी काही मदत करू शकते?”

ऑपरेटरने फोन ठेवला आणि फोनची काच पुसली, जणू तो मध तिला चिकटला होता.

मग कंपनीचा तंत्रज्ञ आला. बोट जिभेला लावून टॅबलेटची पाने सरकवणारा. ऑपरेटर त्या ओल्या बोटाकडे पाहत राहिला. तंत्रज्ञ काय सांगतोय याकडे त्याचे निम्मेच लक्ष असावे. “काका, इंटरनेटवर तुमच्या घराचाही एक पत्ता असतो. कंपनी तो अधूनमधून बदलते. बाहेरचं माणूस जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतं.” त्याने नवा पत्ता जुळवला, राउटरमधला पेटीकडे जाणारा मार्ग तपासला, सगळे ठीक म्हणून सांगितले आणि निघताना म्हणाला, “जिन्यातला वायरींचा डबा बघून घ्या. तिथं काही सांगता येत नाही.”

हे ओल्या बोटाचे मोघम वाक्य ऑपरेटरने प्रमाण मानले.

मी गावात वाढलो. शेणात हात घालण्याची मला कधी किळस वाटली नाही. शेणाला गवताचा वास असतो. पण जिन्यातल्या त्या डब्याचे झाकण निघाले तेव्हा मी विजेरी धरलेला हात लांब केला. वायरींवर तेलकट धुळीचा काळा राप बसला होता. त्यात झुरळांची अंडी, पालीची लेंडके आणि कुणाच्या तरी केसांचा गुंता, आणि या सगळ्यावरून भिंतीवरच्या थुंकीचा वाळलेला ओघळ खाली आला होता. ऑपरेटरला दोनदा उमासा आला. दोन्ही वेळा त्याने तोंड फिरवले, रुमाल नाकाशी धरला आणि पुन्हा हात आत घातला. एकेक वायर त्याने फिल्मसारखी दोन बोटांत धरून पुसली, आपल्या घराची जोडणी काढून पुन्हा बसवली.

घरात आलो तेव्हा मुलगा सोफ्यावर पसरून क्रिकेटचा सामना पाहत होता. पाय टीपॉयवर, मांडीवर वेफर्सची पिशवी, बोटांचे तेल सोफ्याच्या कव्हरला. अलीकडे तो रोज दुपारी घरूनच काम करत असे, म्हणजे काय करत असे ते दिसत होते.

“सोडा ना, बाबा,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “कंपनीचाच घोळ आहे. कुठं त्या घाणीत हात घालत बसलात.”

ऑपरेटरने कोपरापर्यंत हात धुतले आणि ताईला फोन लावला. “आता बघ.”

थोडा वेळ गेला. “नाही रे. लागत नाही.” आवाज आधीपेक्षा बारीक झाला होता. “राहू दे आता. माझं काही अडत नाही.”

ऑपरेटर खुर्चीत बसला. नखे तपासू लागला. मग एकाएकी मला म्हणाला, “आमच्याकडे खेळ थांबला की डोअरकीपर धावत वर यायचा. म्हणायचा, दिसत नाही. मी त्याला काय विचारायचो, ठाऊक आहे? काळं की पांढरं? पडदा काळा असला तर दिवा गेला. पांढरा असला तर फिल्म तुटली. ‘दिसत नाही’ यावर कुणी ऑपरेटर हात उचलत नाही.” तो थांबला. “आणि बहिणीला मी हे विचारलंच नाही.”

त्याने पुन्हा फोन लावला. “ताई, समोर काय दिसतंय?”

“लागत नाही म्हटलं ना.”

“काळं की पांढरं ते सांग. काही लिहून आलंय का?”

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

“ताई, वाच.”

तिने वाचले. शाळेत धडा वाचावा तसे, एकेक शब्द सुटा करून. “‘आपलं घर’ पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.”

“हे कधीपासून येतंय?”

“पहिल्यापासून.”

“मग तू ‘लागत नाही’ का म्हणत राहिलीस?”

“काय म्हणणार होते रे? मला वाटलं, तूच… असेल काही. तुझं घर आहे.”

ऑपरेटरने ‘थांब’ एवढेच म्हटले. फोन तसाच चालू ठेवून त्याने आपला टॅबलेट घेतला आणि पेटीच्या सेटिंग्ज उघडल्या. ते पान त्याने पेटी लावताना पाहिले होते, त्यानंतर कधीच नाही. तेव्हा त्याने एकाखाली एक साधी नावे लिहिली होती. आता तिथे दोन गट होते. ‘घरातले’ आणि ‘बाहेरचे’. घरातल्यांत तो, मुलगा, सून. बाहेरच्यांत एकच नाव, त्यासमोरची खूण काढलेली. त्याने स्वतः लिहिले होते ‘ताई’. इथे लिहिले होते ‘आत्या’.

सून तिला आत्याबाई म्हणते. नुसते आत्या म्हणणारा या घरात एकच माणूस होता, आणि तो षटक संपायची वाट पाहत वेफर्स चघळत होता.

ऑपरेटरने फोनवर हात ठेवला. “हे तू केलंस?”

मुलाने एकदा टॅबलेटकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. “अहो, दुपारी मॅच अडकायची. आत्या तिकडून बघायला लागली की आपली लाईन खायची. म्हणून तात्पुरतं बंद केलं. मग राहून गेलं.”

“मी जिन्यात हात घातला तेव्हा तू इथंच होतास.”

“सांगणारच होतो.”

“कधी?”

“तुम्ही त्यात एवढे रमला होतात, बाबा. म्हटलं, वेळ जातोय बरा.”

सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “मी यांना म्हटलं होतं, निदान बाबांच्या कानावर घाला.” हे आपल्या बाजूचे बोलणे आहे अशी तिची समजूत असावी.

जिन्यातल्या डब्यासमोर ऑपरेटरचा जो चेहरा झाला होता, तोच मी पुन्हा पाहिला. फक्त या वेळी त्याने तोंड फिरवले नाही. मुलाच्या तेलकट बोटांकडे, कव्हरवरच्या डागांकडे, टीपॉयवरच्या तळव्यांकडे तो क्रमाने पाहत गेला. मग खाली मान घालून त्याने ‘बाहेरचे’ हा गटच पुसून टाकला, घरातल्यांत वर, स्वतःच्या नावाच्याही आधी, ‘ताई’ असे लिहिले आणि पासवर्ड बदलला. फोनवरचा हात काढला.

“आता बघ.”

काही क्षण गेले. मग फोनमधून खरखर आली, दूर कुठे कावळा ओरडला आणि एक बाई कुणाला तरी म्हणाली, “अरे, पुरे कर तो कॅमेरा, केस तरी बांधू दे.”

ताई हसली की काय, ते कळले नाही. नंतर म्हणाली, “काय झालं होतं रे?”

“जिन्यातल्या वायरीत मुंग्या झाल्या होत्या,” ऑपरेटर म्हणाला.

“हो का. लिहिता-वाचता येणाऱ्या होत्या वाटतं.”

ऑपरेटरने टॅबलेटची काच पुसली.

“बरं, ठेव आता,” ताई म्हणाली. “आई वेणी घालतेय.”

हॉलमध्ये सामना अडखळला. धावत निघालेला गोलंदाज एक पाय हवेत ठेवून थिजला. मुलाने रिमोट तळहातावर आपटला, तोंड उघडले आणि मिटले. ऑपरेटर त्याच्यासमोरून बेसिनपाशी गेला. साबणाची वडी आधी पाण्याने धुतली, मग हात चोळू लागला. जिन्यातून आल्यावर धुतले होते त्याहून कितीतरी जास्त वेळ.