जमिनीची खोड

माझ्याकडे वडिलार्जित काही नव्हतं. बेल्ह्याच्या बाजाराला दुसऱ्यांची जनावरं हाकत नेता नेता मी स्वतः बैल घेऊ-विकू लागलो. त्या कमाईतून आणे पठाराखाली पाच एकर रान घेतलं, विहीर खणली, गोठा बांधला. ते रान म्हणजे माझा जन्मभराचा घाम.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बैल विकायचा नसतो, पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणवत नाही. मग आपणच आपल्या जनावराची खोड सांगायची. पाठीत कमजोर आहे, उन्हात बसतो. गिऱ्हाईक आपोआप उठतं.

नव्वदच्या दशकात रेल्वेची मोजणी आली. दुर्बीण, साखळी, लाल झेंडे, खुंट्या. मोठे साहेब बांधावर टेकले आणि म्हणाले, "लाइन तुमच्या रानातून जाईल, नाहीतर ओढ्यापलीकडून. अजून ठरलेलं नाही. जमीन कशी आहे?"

रान द्यायचं नव्हतं, पण साहेबांना तोंडावर नाही कसं म्हणणार? तोंड सवयीनं चालू लागलं.

"काय सांगू सायेब, नुसता खडक हाय. दोन हात खणलं की पहार वाजती. विहीर हाय, पण ती नुसती शोभंला. पाणी न्हाई."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं खरं तेच सांगितलं. काळी माती, पावसाळ्यात गुडघाभर पाय रुततो. मला त्याची कीव आली.

आठवड्यानं साहेब चहाला थांबले तेव्हा कळलं. काळ्या मातीत रुळांखालचा भराव खचतो. त्यांना हवी असते कडक, कोरडी जमीन.

"लाइन तुमच्याच रानातून घेतली," ते म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलंत."

माझं डोकं फिरलं. मी रानात ठोकलेली त्यांची मोजणीची खुंटी उपटून ओढ्यात भिरकावली. ते शांतपणे म्हणाले, "खुंटी उपटून काय होणार? रेषा कागदावर आहे."

बायकोनं तर कपाळाला हात लावला. "त्येंला काय बैल घ्यायचा व्हता का?" शेजारीही पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "पावणं, आमचं रान वाचवलंत, लई उपकार झालं!"

माझं चुकलं, मान्य. पण साहेबांवरचा राग अजून गेलेला नाही. विहीर वीस पावलांवर होती. वाकून बघितलं असतं तर पाणी दिसलं असतं. बैल घेणारा कितीही घाईत असला तरी दात बघितल्याशिवाय घेत नाही.

रेल्वे आली नाही. जमीन घेतल्याचा कागदही आला नाही. येणार नाही असंही कोणी सांगेना. पक्कं घर बांधावं तर धीर होईना. रस्त्यावर जीप थांबली की मी ताट सोडून बांधावर धावायचो. बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवताना समोरचा म्हणायचा, "भाऊ, सारखं रस्त्याकडं का बघताय? बैलात काय काळंबेरं हाय का?" सौदे तुटायला लागले.

दहा-बारा वर्षांनी पुन्हा मोजणी आली. या वेळी साहेब नवे, तरुण होते. मी त्यांना थेट विहिरीवर नेलं. वाकून बघायला लावलं, पाणी शेंदून पाजलं.

"जुनी रेघ सोडा. शंभर फूट पलीकडं घ्या, एवढंच मागतो."

त्यांनी मला एक फोटो दाखवला. परदेशातली गाडी होती, चुंबकाच्या जोरावर रुळाच्या वर तरंगणारी. चाकं नव्हतीच.

"आपल्याकडे ही कधी येईल, येईल की नाही, माहीत नाही. पण पुढं वेगाची गाडी आणायची तर मार्ग आत्ताच तसा आखा, असं वरून सांगितलंय."

"चाकंच न्हाईत, मग वळायला सोपीच की!"

"उलट आहे, काका. वेग जितका जास्त, तितकं वळण मोठं. इथं शंभर फूट सरकवायची तर कित्येक मैल मागून सरकवावी लागेल."

मला आणखी समजवायची गरज नव्हती. शर्यतीत सुटलेली बैलांची जोडी कासऱ्यानं वळत नाही, हे मी आमच्याकडं शर्यतीच्या धावपट्टीवर, घाटात, कितीदा पाहिलं होतं.

"आन् पयल्या मोजणीची गाडी?" मी विचारलं.

"ती साधी होती. तिला वळता आलं असतं."

मी विहिरीच्या काठावर टेकलो. मग म्हणालो, "निदान पाणी हाय असं तरी लिवा." त्यांनी लिहिलं. मी ते दोनदा वाचून घेतलं. त्यानं रेषा हलणार नव्हती, तरीही.

जाताना त्यांच्या माणसांनी काठाला लागून नवी खुंटी ठोकली. ती मी उपटली नाही.

बायको घागर घेऊन आली. "आता कंची खोड सांगितली?"

"कंचीच न्हाई. समदं खरं सांगितलं."

तिनं खुंटीकडे पाहिलं, तिला वळसा घालून पुढं गेली आणि पोहरा विहिरीत सोडला.